चालवून वाचायच्या पोथ्या

१९०८ साली मुंबई आणि कोल्हापूर यांच्या दरम्यान मोटारगाड्यांची एक कसोटी झाली. अंतर ६२० मैलांचे, रस्ता खडी-मातीचा आणि वाटेत सहा उंच घाट. या कसोटीत फ्रँक नॉर्बरी यांनी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाची एक रोल्स-रॉइस उतरवली होती. तिने सारे घाट निर्वेध पार केले आणि कसोटी जिंकली. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. इंग्लंडमध्ये घडलेल्या यंत्राला सह्याद्रीने जोखले, ते कसाला उतरले आणि एका मराठी राजघराण्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

ब्रिटनमधील जुन्या, दुर्मिळ मोटारींच्या अभ्यासाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला बसले, तेव्हा ही हकीकत सर्वांत आधी सांगावीशी वाटली. या विषयाच्या उंबऱ्याशी आपला माणूस बिचकतो. हे साहेबांचे, श्रीमंतांचे जग आहे, आपण लांबूनच पाहावे, असे त्याला वाटते. म्हणून आधीच सांगते, मनमोकळेपणाने आत या. इथे यायला गाडी मालकीची असावी लागत नाही. कुतूहल लागते, थोडी चिकाटी लागते, आणि आत आल्यावर लक्षात येते की या दप्तरातली काही पाने आपल्याच भाषेत लिहिली गेली आहेत.

मी या मोटारींना पोथ्या म्हणते, त्याचे कारण सांगायला हवे. छापील पुस्तकाच्या हजार प्रती सारख्या असतात. पोथी मात्र प्रत्येक वेगळी. लेखनिकाचा हात वेगळा, समासातली टीप वेगळी, कुठे ओळ गळलेली, कुठे मागाहून घातलेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वानांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती असे पाठभेद एकेक करून ताडून पाहत. ते काम १९१९ साली सुरू झाले. योगायोग असा की ब्रिटिश अभ्यासक मोटारींचा ‘व्हिंटेज’ काळही १९१९ पासूनच मोजतात. त्या काळातली उत्तम मोटार कारखान्यातून बाहेर पडली तरी अर्धीच असे. उरलेली अर्धी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे, दुसऱ्याच कारागिरांच्या हातून घडे. मग मालक बदलत, इंजिन उघडले जाई, टप उतरवून नवा चढे. आज अशी मोटार समोर येते तेव्हा तिच्या अंगावर हे सगळे हात एकाच वेळी दिसतात. ते ओळखणे, वेगळे करणे आणि त्यांचा क्रम लावणे हे या क्षेत्राचे मुख्य काम. यात एक अट मात्र पोथीपेक्षा अधिक आहे. ही पोथी चालवल्याशिवाय पुरती वाचता येत नाही.

आधी परिभाषा पाहू, कारण बोलताना आपण ‘व्हिंटेज’ हा एकच शब्द सगळ्या जुन्या गाड्यांना लावतो. ब्रिटनमध्ये १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ मधल्या ‘एडवर्डियन’, आणि १९१९ पासून १९३० च्या ३१ डिसेंबरपर्यंतच्या ‘व्हिंटेज’. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या निवडक दर्जेदार गाड्यांना ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’ म्हणतात, आणि युद्धोत्तर काळातल्या गाड्यांकडे आलो की सैल अर्थाचा ‘क्लासिक’ हा शब्द येतो. व्हिंटेज हा शब्द द्राक्षमद्याच्या जगातून घेतलेला आहे. अमुक साली पीक उत्तम आले, तमुक साली नाही, असा त्यातला भाव. १९३० ची रेघही त्याच भावातून आली. मंदीचे दिवस होते, कारखानदार खर्च कापू लागले होते, मोठ्या प्रमाणावर एकसारख्या गाड्या निघू लागल्या होत्या. आता पूर्वीसारखे काम होत नाही, अशी खंत असलेल्या काही तरुणांनी १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन केला. त्यांच्या आवडत्या गाड्या तेव्हा जेमतेम पाच-दहा वर्षांच्या होत्या आणि स्वस्तात मिळत. फारशा श्रीमंत नसलेल्या माणसांचा छंद म्हणून ही चळवळ सुरू झाली, हे विसरता कामा नये. त्याआधी चार वर्षे, १९३० मध्ये, व्हेटरन कार क्लब निघाला होता. म्हणजे ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या जपण्याच्या परंपरेलाच आता जवळजवळ शतक होत आले आहे, आणि त्या परंपरेचा इतिहास हाही अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

या गाड्यांचा इतिहास कायद्याच्या पुस्तकापासून सुरू करावा लागतो. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या स्वयंचलित वाहनाला गावाबाहेर ताशी ४ आणि गावात ताशी २ मैलांची मर्यादा होती, आणि पुढे ६० यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती सैल झाली, तरी चालणारा माणूस राहिलाच. १८९६ च्या १४ नोव्हेंबरला नवा कायदा अमलात आला, मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली, आणि त्याच दिवशी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत आनंदयात्रा काढली. १९२७ मध्ये तिच्या स्मरणार्थ पुन्हा एक फेरी निघाली. तेव्हापासून महायुद्धाची वर्षे आणि क्वचित एखादा अपवाद सोडला तर ती दर नोव्हेंबरात निघते. रविवारी सूर्योदयाच्या सुमारास हाइड पार्कमधून १९०५ पूर्वीच्या गाड्या सुटतात. काही वाफेवरच्या, काही विजेवरच्या, पुष्कळशा एका किंवा दोन सिलिंडरच्या. थंडीत कुडकुडत त्या रस्त्याच्या कडेला मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मला आठवण झाली ती वारीची. ६० मैलांची वाट, ठरलेला दिवस, ठरलेला मार्ग, वाटेत पाणी आणि चहा घेऊन उभी असलेली अनोळखी माणसे, चढावर दमलेल्या गाडीतून उतरून तिला मागून ढकलणारी आख्खी कुटुंबे. पहिले कोण पोहोचले याची नोंद कुणाला नको असते. पोहोचलो, एवढे पुरते.

कायद्याने मोटारींचा आकारही ठरवला, हे या क्षेत्रात शिरणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्राप्रमाणे सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग करायचा, त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे. सूत्रात सिलिंडरची लांबी कुठेच नव्हती. मग अभियंत्यांनी काय केले? सिलिंडर अरुंद ठेवले आणि उंच केले. बेंटलीच्या ‘थ्री लिटर’ गाडीचा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद आणि दट्ट्याची धाव १४९ मिलिमीटर. तीन लिटरचे इंजिन, पण कागदावर अश्वशक्ती सोळाच्याही आत. अशा इंजिनाचा दट्ट्या लांब धाव घेतो, त्यामुळे ते कमी वेगातही नेटाने ओढते आणि त्याचा ठोका संथ, भरदार वाजतो. जुन्या इंग्लिश गाडीच्या ज्या आवाजावर जाणकार जीव टाकतात, त्यामागे असे करखात्याचे एक सूत्र आहे. हा कर १९४८ पर्यंत या ना त्या रूपात टिकला. आर्थिक इतिहास, अभियांत्रिकी आणि संगीताचा कान ही तिन्ही दालने एका बोनेटखाली कशी एकत्र येतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता रोल्स-रॉइसकडे येऊ. चार्ल्स रोल्स हा सरदार घराण्यातला, केंब्रिजमध्ये शिकलेला, मोटारी विकणारा तरुण. हेन्री रॉइस हा लहानपणापासून पोटासाठी राबलेला, स्वतःच्या बळावर अभियंता झालेला माणूस. १९०४ च्या ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट झाली आणि १९०६ मध्ये कंपनी उभी राहिली. १९०७ मध्ये त्यांच्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाड्यांपैकी बाराव्या चॅसीवर रुपेरी रंगाची आणि चांदीच्या मुलाम्याची एक गाडी सजवली गेली. तिचा चॅसी क्रमांक ६०५५१, नोंदणी क्रमांक एएक्स २०१ आणि नाव ‘सिल्व्हर घोस्ट’, कारण चालताना आवाज म्हणून नाही. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ती १५,००० मैल चालवून मग उघडून तपासण्यात आली आणि भागांची झीज नगण्य निघाली. या एकाच गाडीचे नाव पुढे त्या जातीच्या सगळ्या, एकूण ७,८७४ गाड्यांना चिकटले. अभ्यासकाने इथे सावध राहायला हवे. ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणताना एक विशिष्ट गाडी म्हणायची आहे की तिची जात, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रॉइसच्या कारागिरीबद्दल बोलायचे तर नवख्याने आधी तिचा रेडिएटर निरखावा. त्याच्या कडा सरळ दिसतात, पण हाताला त्या किंचित फुगीर लागतात. ग्रीक मंदिरांच्या खांबांना असाच अलगद फुगवटा देत, कारण अगदी सरळ रेघ डोळ्याला आत दबल्यासारखी भासते. डोळ्याला सरळ दिसावे म्हणून पत्रा हाताने वाकडा करणारी ही माणसे होती.

रोल्स-रॉइस आणि बेंटली आपली मोटार चॅसी, इंजिन, चाके, रेडिएटर आणि उपकरणे एवढ्यापर्यंत बनवत. वरचा सांगाडा, आसने आणि टप बनवणारे कारागीर निराळे, आणि त्यांची परंपरा थेट घोड्यांच्या बग्ग्यांपासून आलेली. बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, एच. जे. मलिनर, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग ही त्यांतली नामवंत घराणी. घराणी हा शब्द मी गाण्यातल्या अर्थानेच वापरते, कारण मडगार्डची एक रेघ पाहून हे काम कुणाचे, असे सांगणारे जाणकार आजही भेटतात. ॲश नावाच्या चिवट आणि लवचीक लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. हा पत्रा दोन चाकांमध्ये पुढे-मागे फिरवत त्याला गोलाई द्यायची. त्यावर रंगाचे थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा, मग पुढचा. आपल्याकडच्या गॅरेजांत डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या वस्तादाला हे काम शब्दांशिवाय कळेल. ही कला संपली ती हळूहळू. १९४६ पासून क्रू इथल्या कारखान्यात तयार पोलादी सांगाड्याची बेंटली निघू लागली, १९५९ मध्ये हूपरने गाड्यांचे सांगाडे बांधणे थांबवले, आणि १९६५ च्या सिल्व्हर शॅडोत चॅसी आणि सांगाडा एकजीव झाले. चॅसीच वेगळी उरली नाही, तेव्हा तिच्यावर आपल्या मनासारखे घर बांधणेही संपले.

या कारागिरांच्या मागणीवह्यांत हिंदुस्थानची नावे पुन्हा पुन्हा येतात. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी थ्रप अँड मेबर्लीने १९३४ मध्ये बांधलेली केशरी रंगाची फँटम टू ‘स्टार ऑफ इंडिया’ या नावाने प्रसिद्ध आहे. ती देशाबाहेर गेली आणि कैक दशकांनी त्याच घराण्याने परत आणली. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर ऑक्सफर्डला शिकलेले, आधुनिक कलेचे मर्मज्ञ. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याची रचना एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुशिल्पीची. त्यांनी १९३५ मध्ये अमेरिकेतून ड्युसेनबर्गची चॅसी घेतली आणि तिच्यावरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतला. अमेरिकेचे इंजिन, लंडनचा पत्रा आणि मराठी संस्थानिकाची निवड अशी ती गाडी आज जगातल्या सर्वांत देखण्या मोटारींत गणली जाते. कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक अजूनही दसरा चौकाकडे निघते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी असतात. ती गाडी जर्मन आहे, पण जुनी मोटार समाजाच्या आठवणीत कशी जिवंत राहते हे समजून घ्यायला ब्रायटनचा किनारा आणि कोल्हापूरचा दसरा चौक हे दोन्ही पाहायला हवेत.

या वैभवाचा हिशेबही याच क्षेत्राने मांडायचा आहे. संस्थानिकाची मोटार रयतेच्या महसुलातून येत असे. तिचा चालक, तिच्याखाली पाठीवर झोपून ग्रीस भरणारा मिस्त्री, तिच्यासाठी घाटात रस्ता दुरुस्त करणारे मजूर यांची नावे मालकाच्या नावाशेजारी क्वचितच लिहिली जातात. ब्रिटनमध्येही पत्रा ठोकणाऱ्याचे नाव कंपनीच्या पाटीखाली झाकले गेले. गाडीवरचे प्रेम आणि हा हिशेब यांत मला विरोध वाटत नाही. ज्या वस्तूवर जीव असतो, तिची पूर्ण कुळकथा आपल्याला हवी असते, आणि पूर्ण म्हटले की मजुरीचे पानही आले.

मुंबईशी जोडलेली एक करुण कथा तर थेट रोल्स-रॉइसच्या बोनेटवर उभी आहे. वाऱ्यावर झेपावणाऱ्या स्त्रीची ती प्रसिद्ध मूर्ती, ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’, शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी १९११ मध्ये घडवली. तिच्यामागची प्रेरणा एलेनॉर थॉर्नटन असल्याचे मानले जाते. मोटारीच्या प्रचारासाठी आयुष्य वेचणाऱ्या लॉर्ड मॉन्टेग्यू यांच्या त्या सचिव. १९०८ मध्ये रोल्स-रॉइसच्या डर्बी कारखान्याचे उद्घाटन याच मॉन्टेग्यूंनी केले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते इकडे निघाले, सोबत थॉर्नटन होत्या. त्यांचे जहाज ‘पर्शिया’ मुंबईकडे येत असताना १९१५ च्या ३० डिसेंबरला क्रीट बेटाच्या दक्षिणेला पाणबुडीने बुडवले. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत थॉर्नटनही. मॉन्टेग्यू वाचले. त्यांच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ १९५२ मध्ये ब्यूली इथल्या आपल्या वाड्याच्या प्रवेशदालनात पाच जुन्या गाड्या मांडल्या. १९७२ मध्ये तिथेच राष्ट्रीय मोटार संग्रहालयाची इमारत उभी राहिली. आज या विषयाचा विद्यार्थी ज्या ग्रंथालयात आणि छायाचित्रसंग्रहात बसून काम करतो, त्याचा उगम एका मुलाने बापाच्या आठवणीखातर केलेल्या मांडणीत आहे.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत कठीण प्रश्नाकडे येते. अस्सल म्हणजे काय? १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणारी बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाते. शर्यतींच्या त्या वर्षांत तिचे भाग वारंवार बदलले गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर तिच्यावर वेगळा सांगाडा चढला. १९९० मध्ये तिचा सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, आणि ही मूळची गाडीच नव्हे असे म्हणत घेणाऱ्याने पैसे देण्यास नकार दिला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाची कुळकथा तपासली. १९२९ मधले फारच थोडे उरले होते, हे त्यांनी नोंदवले. तरीही गाडी एक क्षणही दुसरी झाली नव्हती, तिचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता, म्हणून त्या नावावर तिचाच हक्क आहे, असा त्यांचा निर्णय झाला.

मराठी माणसाला हा निर्णय परका वाटू नये. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो. शिखर नवे येते, सभामंडप वाढतो, गाभाऱ्याची फरशी बदलते. देऊळ मात्र तेच राहते, कारण पूजा खंडलेली नसते. त्याच वेळी, जुन्या दगडावर ऑइलपेंट फासलेला पाहून आपल्याच पोटात कालवते. ब्रिटनमध्येही असे दोन पंथ आहेत. एक पंथ गाडीचा कण न् कण उघडून ती कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करतो. दुसरा पंथ ‘ऑइली रॅग’ या नावाने ओळखला जातो, म्हणजे तेलाचे फडके. गाडी पुसा, तेल द्या, चालती ठेवा, पण भेगाळलेले कातडे आणि विटलेला रंग काढू नका, कारण तोच तिचा पुरावा आहे. दुरुस्ती कुठे संपते आणि पुसून टाकणे कुठे सुरू होते, हा प्रश्न प्रत्येक गाडीपाशी नव्याने सोडवावा लागतो. वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर वेगाचा विक्रम करताना १९२७ मध्ये जे. जी. पॅरी-टॉमस ठार झाले. त्यांची २७ लिटरच्या विमानी इंजिनाची ‘बॅब्स’ ही गाडी तिथेच वाळूत पुरली. ४२ वर्षांनी, १९६९ मध्ये, वेल्समधल्याच एका अध्यापकाने ती उकरून काढली आणि वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालती केली. ती पुरलेलीच राहायला हवी होती, असे म्हणणारेही होते. मी त्या गाडीपुढे उभी राहिले, तेव्हा दोन्ही बाजू मला पटत होत्या. इंजिन सुरू झालेले ऐकले असते तर कदाचित मन एका बाजूला झुकले असते, कारण गाडीचा आवाज हा लिहून ठेवता न येणारा दस्तऐवज आहे.

चालवूनच वाचता येते असे मी म्हटले, ते यासाठीच. व्हिंटेज बेंटलीत बसलात तर वेग देण्याचे पेडल मधोमध सापडेल आणि गिअरचा दांडा उजव्या हाताला. गिअर आजच्यासारखे आपणहून जुळत नाहीत. क्लच दाबा, दांडा मोकळ्या जागी आणा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग कानाने जुळवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडा सरकवा. जुळले तर लोण्यातून सुरी गेल्यासारखे, चुकले तर दातांचा करकराट साऱ्या गल्लीला ऐकू जातो. हँडल मारून सुरू करायच्या गाडीत ठिणगीची वेळ आधी मागे घ्यावी लागते, नाहीतर हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते. उलट, सिल्व्हर घोस्टचे इंजिन गरम असले तर अनुभवी हात नुसती ठिणगीची खुंटी हलवून ते जागे करत. हे सारे पुस्तकात लिहिता येते, पण समजते ते हातालाच, जशी भाकरी थापणे समजते. म्हणून या क्षेत्रात गुरुकिल्ली गुरूकडेच आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या बिस्टर इथल्या जुन्या हवाई दलाच्या तळावर २०१३ पासून अशा कारागिरांची वसाहत उभी राहिली आहे आणि तिथे तरुण शिकाऊ मुले-मुली पत्रा, लाकूड आणि इंजिन यांचे काम शिकतात. मुलींचा उल्लेख मुद्दाम करते. डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्येच स्त्रियांसाठी मोटारीचे पुस्तक लिहिले आणि मागचा रस्ता पाहायला हातआरसा जवळ ठेवा, असा सल्ला दिला. गाड्यांना मागे पाहायचा आरसा सर्रास बसू लागला तो त्यानंतर.

या क्षेत्रापुढचे आजचे प्रश्नही मोकळेपणाने मांडायला हवेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग खाते, म्हणून मालकांना वेगळे पेट्रोल शोधावे लागते. २०१८ च्या मे महिन्यापासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे ब्रेक धरतो की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी मालकाच्या सद्सद्विवेकावर आली. सगळ्यांत मोठी चिंता किमतीची. लिलावात भाव चढले की गाडी तिजोरीत जाते, आणि तिजोरीतली गाडी मुकी होते. ज्यांनी हा छंद खिशाला परवडणारा म्हणून सुरू केला, त्यांच्या पुढच्या पिढीपुढे ही अडचण उभी आहे.

मग नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी? ब्रिटनमध्ये असाल तर आधी नोव्हेंबरचा तो रविवार गाठा, त्याला तिकीट लागत नाही. मग सरेमधील ब्रुकलँड्सला जा. रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा असताना गाड्यांची परीक्षा घ्यायला १९०७ मध्ये काँक्रीटची ती धावपट्टी बांधली गेली, तिची उंच कड अजून उभी आहे. वूस्टरशायरच्या शेल्सली वॉल्श इथे १९०५ पासून गाड्या १,००० यार्डांचा चढ चढतात. तिथे कुंपणाला टेकून डोळे मिटा आणि फक्त ऐका. ब्यूलीच्या सुट्या भागांच्या जत्रेत गंजक्या दिव्यांच्या राशींत वाकून शोधणाऱ्या माणसाला विचारा, काय शोधताय म्हणून. तो तासभर बोलेल, आणि त्या तासात पुस्तकांत नसलेले पुष्कळ मिळेल. कागदांची गोडी असेल तर नॉर्दम्पटनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबच्या हंट हाउसमध्ये जुन्या चॅसींच्या नोंदी जपलेल्या आहेत. कोणत्या गिऱ्हाइकाची मागणी, कोणता सांगाडा बांधणारा, कोणते बंदर, हे त्यांत सापडते.

अनेक चॅसींच्या बाबतीत ती नोंद बंदरापाशी थांबते. गाडी जहाजावर चढली, मुंबईकडे निघाली, एवढे इंग्रजी कागद सांगतो. पुढे ती कुणाच्या पागेशेजारी उभी राहिली, पावसाळ्यात घाट कसा चढली, सुटा भाग विलायतेहून येईपर्यंत कोणत्या लोहाराने तो घडवून दिला, चालकाला महिना किती मिळे, हे लिहिले गेले असेल तर ते संस्थानांच्या खासगी खात्यांच्या हिशेबांत, मोडी अक्षरांत. लिहिले गेले नसेल तर कुणाच्या आजोबांच्या तोंडून घरात उतरलेल्या आठवणींत. ब्रिटनमधला मोठ्यात मोठा जाणकारही ही पाने वाचू शकत नाही. तुम्ही वाचू शकता. कोल्हापूर, सांगली, सातारा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या एखाद्या जुन्या गॅरेजात म्हातारा मिस्त्री अजून बसत असेल, तर त्याच्यापाशी जा, त्याचे नाव आधी लिहून घ्या, मग गाडीचे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ घाट चढली तेव्हा तिच्या तापलेल्या रेडिएटरसाठी कोणीतरी विहिरीतून पाणी शेंदून आणले असेल. त्या हाताची नोंद इंग्रजी दप्तरात मिळणार नाही. ती आपण करायची आहे, आणि त्यासाठीच तुमचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.